चेहऱ्यावरचं ऊन

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी साडेआठला कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी आमची बादली रिकामी करता करता माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाल्या, "वहिनी, तुमचं तोंड काय उजळलंय हो! काय लावता?" मी त्यांना ट्यूबचं नाव सांगितलं. नुसतं सांगून थांबले नाही, आतून रिकामं खोकं आणून हातात दिलं, म्हणजे दुकानात दाखवायला बरं पडेल.

धाकटीच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले होते. बाळंतपणानंतर जातील असं सगळ्या म्हणाल्या, पण ते गेले नाहीत. सिंहगड रस्त्यावरून हडपसरला रोज स्कूटरवर जा-ये, त्यामुळे ते दर उन्हाळ्यात गडद व्हायचे. सासूबाईंनी जायफळ दुधात उगाळून लावायला सांगितलं, तेही केलं. मग पार्लरमधल्या मुलीने एका ट्यूबचं नाव कागदावर लिहून दिलं. दहा दिवसांत डाग फिके पडले, महिन्याभरात चेहरा काचेसारखा दिसायला लागला. त्या हंगामातल्या दोन लग्नांत मला चार जणींनी विचारलं, कुठे ट्रीटमेंट घेतलीस म्हणून. ताईंनी विचारलं ते त्याच दिवसांत.

मे महिन्यात ताई दारात आल्या तेव्हा त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. पदर बाजूला केला तर गाल तव्यावर टेकवल्यासारखे लाल, हनुवटीवर बारीक बारीक पुटकुळ्यांचा थर. "जळतंय वहिनी. पाणी लावलं तरी जळतंय." तोपर्यंत माझंही तेच सुरू झालं होतं. एक दिवस ट्यूब चुकली की संध्याकाळी चेहरा पेटायचा. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल रेषांचं जाळं दिसायला लागलं होतं, कानापाशी लव वाढली होती. आणि डाग होते तिथेच होते, पूर्वीपेक्षा काळे.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती. हायड्रोक्विनोन त्वचेतलं रंगद्रव्य तयार होणं थोपवतं. ट्रेटिनॉइन वरचा थर भराभर बदलायला लावतं. आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड आग, लाली, सूज दाबून ठेवतं. असं त्रिकूट मुळात डॉक्टरांनीच शोधलेलं आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी याच जातीचं मिश्रण मांडलं आणि आजही हट्टी वांगासाठी तज्ज्ञ ते देतात. पण सौम्य स्टेरॉइड निवडून, मोजक्या आठवड्यांसाठी, मध्ये चेहरा तपासून. महिनोन् महिने तेच स्टेरॉइड चेहऱ्यावर चोळत राहिलं की त्वचा पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि थांबवलं की दाबून ठेवलेली सगळी आग एकदम वर येते. माणूस घाबरून पुन्हा ट्यूब उघडतो. पातळ झालेल्या त्वचेला ऊनही जास्त लागतं. म्हणजे ज्या उन्हावर इलाज म्हणून ट्यूब आणली, त्याच उन्हाला आपण दार सताड उघडून देतो.

हे माझ्या एकटीचं दुर्दैव नव्हे. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलंय, 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस'. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले होते. त्यातले ४३३, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, आणि निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. शेजारीण, पार्लर, दुकानदार. ताईंच्या बाबतीत ती 'कुणीतरी' मी होते, आणि हे मला विसरता येत नाही.

कायदा नाही असं नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवायची विक्री बंद केली आणि त्यांना शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातलं. गेल्या महिन्यात मी मुद्दाम आमच्या भागातल्या तीन मेडिकलमध्ये जाऊन तीच ट्यूब मागितली. एकाने चिठ्ठी मागितली. दुसऱ्याने काही न बोलता काउंटरवर ठेवली. तिसऱ्याने विचारलं, "मोठी देऊ की छोटी?" खोक्यावर इशारा छापलेला होता, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. हा इशारा मराठीत, ठळक आणि 'चेहऱ्यावर डॉक्टरांशिवाय लावू नये' इतक्या सरळ शब्दांत का नसावा? अन्न व औषध प्रशासनाने गुंगीच्या गोळ्यांच्या विक्रीवर जेवढी नजर ठेवावी असं आपल्याला वाटतं, तेवढीच या ट्यूबांवर ठेवावी, ही माझी पहिली मागणी आहे.

पण सगळा दोष काउंटरपलीकडच्या माणसावर टाकून चालणार नाही. तो विकतो कारण आपण मागतो, आणि आपण मागतो तीच गोष्ट चुकीची आहे. स्वयंपाक करताना हाताला वाफ लागली तर आपण 'भाजलं' म्हणतो. पाण्याखाली हात धरतो, मलम लावतो, दोन दिवस जपतो. चेहऱ्याला ऊन लागून तो काळवंडला तर मात्र 'रंग गेला' म्हणतो. तिथून पुढे विचार एकाच दिशेने जातो, गेलेला रंग परत कसा आणायचा. उन्हाने जे झालं ती इजा आहे हे मनातच येत नाही. इजा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कशाने झाली आणि ते थांबलं का. रंग म्हटलं की प्रश्न येतो, किती दिवसांत उजळेल. दुसऱ्या प्रश्नाला स्टेरॉइडइतकं झटपट उत्तर कुणाकडेच नाही, म्हणून तेच खपतं. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण स्थळ बघताना 'मुलगी उजळ आहे' हे वाक्य आपण अजून तसंच म्हणतो.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. उन्हाने बिघडलेली त्वचा ही इजा आहे. तिच्याकडे इजा म्हणूनच पाहिलं पाहिजे, घरात, दवाखान्यात आणि महापालिकेतही.

इजा कशी होते? सूर्याच्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. युव्हीबी वरच्या थरात पेशींच्या डीएनएला थेट मारतात, चटका बसतो तो मुख्यतः त्यांनी. युव्हीए खोल जातात आणि त्वचेला ताठ ठेवणारं कोलॅजन तोडणारी विकरं (एन्झाइम) जागी करतात. त्यांचा चटका लागत नाही, म्हणून कळतही नाही. साध्या काचेतून युव्हीबी बहुतांशी अडतात, युव्हीए आरपार येतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. त्याने २८ वर्षं गाडी चालवली होती. चेहऱ्याची डावी बाजू, खिडकीकडची, सुरकुत्यांनी लोंबलेली. उजवी बाजू वीस वर्षांनी लहान वाटावी अशी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. पुढच्या वेळी एसटीने जाल तेव्हा जुन्या चालकाचा उजवा हात आणि उजवा गाल पाहा.

आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर, त्यामुळे त्वचेचा कर्करोग आपल्यात कमी आढळतो. सुरकुत्याही गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात. हे आपलं भाग्यच. पण तेच मेलॅनिन जरा डिवचलं की डागांच्या रूपात वर येतं. म्हणून उन्हाची इजा आपल्याकडे आधी डाग होऊन दिसते, वांग होऊन, गालफडांवरच्या काळसर पट्ट्या होऊन. आणि सावळ्या त्वचेत डाग पाडायला अतिनील किरणच लागतात असं नाही, नुसता डोळ्यांना दिसणारा प्रकाशही पुरतो. त्यामुळे वांगासाठी डॉक्टर पुष्कळदा त्वचेच्या रंगाचं, हा प्रकाशही अडवणारं आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन सुचवतात. पांढरं सनस्क्रीन लावूनही डाग का हलत नाहीत, हे कोडं मला इथे उलगडलं.

आणि पुण्याचं ऊन. मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी इथे सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तिच्याच बुडाखाली गडप होते. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळा मुलांना मैदानात नेऊन तो दाखवतात, फार सुंदर खेळ आहे तो. त्याच खेळाचा एक उपयोग मला मुलांना शिकवावासा वाटतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा ऊन त्वचेला बाधणारं असतं. मे महिन्यात पुण्यात हे सकाळी साधारण साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत असतं. आणि डिसेंबरातल्या लहानात लहान दिवशीसुद्धा भर दुपारी सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच राहते. म्हणजे वर्षातली एकही स्वच्छ दुपार अशी नाही की चेहरा बेफिकीर उघडा ठेवावा. थंडीत ऊन कोवळं वाटतं, पावसाळ्यात दिसत नाही. पातळ ढगांतून मात्र अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतोच.

मग झालेलं नुकसान भरून निघतं का? बऱ्याच अंशी निघतं, आणि हे ठामपणे सांगायला हवं, कारण निराश माणूसच झटपट इलाजाकडे धावतो. त्वचा स्वतःची डागडुजी करत असते. तिला फक्त रोजचा नवा मार बंद करून हवा असतो. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ या काळात लोकांचे दोन गट करून एकाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं आणि दुसऱ्याला मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर म्हातारपणाच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी होत्या. त्यांच्या त्वचेवरच्या या खुणांत त्या काळात मोजता येण्याजोगी वाढ जवळजवळ झालीच नव्हती. ही माणसं गोरी होती, ऊन तिथलं होतं, हे मान्य. पण साधी, रोजची, कंटाळवाणी काळजी काय करू शकते ते यातून दिसतं.

औषधांत सर्वांत जास्त तपासलेलं ट्रेटिनॉइन. मुरुमांसाठी ते वापरणाऱ्या स्त्रिया त्वचा मऊ झाल्याचं सांगू लागल्या, त्यातून उन्हाने जुनी झालेल्या त्वचेवर त्याचा अभ्यास झाला. हरभऱ्याच्या दाण्याएवढं, रात्री, सुरुवातीला एक दिवसाआड, आणि गरोदरपणात अजिबात नाही. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. माझ्या डॉक्टरीणबाईंनी आधी स्टेरॉइड सोडवलं. ते दोन महिने फार वाईट गेले. कामावर तोंड लपवत होते. त्या प्रत्येक वेळी एकच सांगायच्या, "नवीन काही लावू नका, त्वचेला सावरू दे." नंतर ॲझेलिक ॲसिड आलं, वर्षभराने ट्रेटिनॉइन. आता डाग आहेत पण फिके, आणि पाणी लावलं की जळत नाही. पाणी लावून न जळणं किती मोठं सुख आहे ते मला या आजाराने शिकवलं.

लेझरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लग्नसराईत सगळीकडे पॅकेजं निघतात. त्वचेचे प्रकार ठरवायला जगभर जी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी वापरतात ती १९७५ मध्ये बोस्टनमध्ये तयार झाली, आणि पहिल्यांदा ती गोऱ्या त्वचेपुरतीच होती. तपकिरी आणि काळी त्वचा नंतर जोडली गेली. आज तिच्यात सहा प्रकार आहेत, सर्वांत गोऱ्यापासून सर्वांत काळ्यापर्यंत, आणि आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारातले. गोऱ्या त्वचेला सोसणारी लेझरची मात्रा आपल्याला सोसेलच असं नाही. जास्त झाली तर लेझरच नवे डाग देऊन जातं. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाच्या हातात ते उपयोगी आहे. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातात ते देऊ नये, आणि आपण आपला चेहराही देऊ नये.

लिंबू मात्र आजच बंद करा. डाग जायला कागदी लिंबाचा रस चोळून उन्हात जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. लिंबात सोरॅलिनच्या कुळातली द्रव्यं असतात. बावचीतही तीच असतात आणि त्यांचा उपयोग कोडावर रंग आणायला करतात. रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि महिने टिकणारे काळे ओघळ उरतात. रंग घालवायला गेलेली बाई रंग आणणारं औषध लावत असते.

आता स्कार्फ. पुण्यातल्या मुली दुचाकीवर डोळ्यांखेरीज सगळा चेहरा बांधून घेतात यावर किती विनोद झाले! मला ते विनोद कधीच आवडले नाहीत. कुणी शिकवलं नसताना, कुठली योजना नसताना, या शहरातल्या बायकांनी स्वतःसाठी शोधलेलं ते आरोग्याचं साधन आहे. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ चांगलं ऊन अडवतो. धुऊन धुऊन विरविरीत झालेला तितका अडवत नाही. कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग उघडा राहतो, तिथे सनस्क्रीन लावावं. आणि हेल्मेटसक्तीवर आपण एवढी भांडणं केली, पण हेल्मेटची चांगली काच पॉलिकार्बोनेटची असते आणि ती अतिनील किरण जवळजवळ पूर्ण थोपवते, हे कुणी सांगितलं नाही. डोकं वाचतं हे मोठं कारण आहेच. चेहरा वाचतो हे त्याच्या जोडीचं.

इथवर मी माझ्यासारख्या, पगार असलेल्या बाईबद्दल बोलले. ताईंचं काय? सनस्क्रीनच्या डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे ते किती संरक्षण देतं त्याचा आकडा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. त्या हिशोबाने चेहऱ्याला आणि मानेला एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं. घाम गाळणाऱ्या माणसाने दिवसातून निदान दोनदा लावायचं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपली. मी आणते ती ट्यूब चारशे रुपयांची आहे. ताईंना मी कोणत्या तोंडाने सांगू की महिन्याला पाच-सहाशे रुपये चेहऱ्यावर घाला? कायद्याने आपल्याकडे सनस्क्रीन हे सौंदर्यप्रसाधन आहे. पावडर, लिपस्टिकच्या रांगेतलं. आपण त्याला इजेवरचं साधन मानतच नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार जगात १६० कोटी लोक उघड्यावर, सूर्याच्या अतिनील किरणांखाली काम करतात. पुण्यात ते कोण आहेत हे आपल्याला रोज दिसतं. झाडूवाल्या, कचरावेचक, चौकातले वाहतूक पोलीस, मंडईबाहेर पाटी घेऊन बसलेल्या बायका, मजूर अड्ड्यावरचे बिगारी, जेवणाचे डबे पोहोचवणारी पोरं. इथल्या कचरावेचकांनी संघटित होऊन ओळखपत्रांपासून आरोग्य विम्यापर्यंत सगळं झगडून मिळवलं. हातमोजे आणि गमबूट यांवर आता कुणी वाद घालत नाही. मग रुंद काठाची टोपी, मानेवरून येणारा कापडी पडदा आणि सनस्क्रीन हे त्याच यादीत का नको? टोपी म्हणजे साधी क्रिकेटची नव्हे. तिने कपाळ झाकतं, गाल आणि कान उन्हातच राहतात. आणि टोपीच्याही आधी सावली. नागपुरात उन्हाळ्यात सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधल्या गेल्या. आपण मात्र रस्ता रुंद करताना वड-पिंपळ तोडतो आणि बदल्यात कुठेतरी टेकडीवर रोपं लावल्याचे आकडे देतो. चौकात उभ्या असलेल्या हवालदाराच्या गालाला त्या रोपांचा काय उपयोग?

यावर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे. आमच्या आजीने कुठे सनस्क्रीन लावलं होतं? नव्हतं लावलं. पण आजीच्या डोक्यावर पदर होता, आजोबांच्या डोक्यावर फेटा. शेतावर ती माणसं तांबडं फुटायला जात आणि टळटळीत दुपारी बांधावरच्या आंब्याखाली भाकरी खाऊन पडत. आज ताईंची वेळ ठरवायचा अधिकार त्यांना नाही आणि आंबाही राहिलेला नाही. ड जीवनसत्त्वाचं म्हणाल, तर त्यासाठी चेहराच भाजला पाहिजे असं काही नाही. हात-पाय आहेत, रक्त तपासून घेता येतं, गोळ्या मिळतात. सकाळपासून दुपारपर्यंत रस्त्यावर असणाऱ्या बाईला ऊन कमी पडेल ही काळजी तर कुणी करूच नये.

ताईंना मी सरकारी दवाखान्यात त्वचेच्या ओपीडीत घेऊन गेले. त्यांचंही स्टेरॉइड सुटलं. लाली उतरली, पण डाग माझ्यासारखे फिके होत नाहीत. डॉक्टरांनी कारण विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "औषध रोज लावते हो. पण अकरा ते एक मला कचरा निवडायला बसावं लागतं, तिथं भिंत आहे, सावली नाही." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'ऊन टाळणे'.

ती भिंत आमच्या सोसायटीची आहे. आतल्या बाजूला पार्किंगचा एक कोपरा रिकामा पडलेला असतो, वर पत्रा आहे. तिथे त्यांना दोन तास बसू द्यावं असं मी गेल्या सभेत मांडलं. दोघांनी वासाचा मुद्दा काढला, एकाने गाडी येणार आहे म्हणून सांगितलं, आणि विषय पुढे ढकलला गेला. येत्या रविवारी सभा आहे. मी विषयपत्रिकेवर तो पहिला घालायला लावलाय, आणि या वेळी ताईंनाही बोलायला बोलावलंय.